गार इंजिनाची टकटक

सोमवार, ३ डिसेंबर १९९०

आज गाडीने पुन्हा आवाज केला. सेल्फ मारला की टक-टक-टक-टक, बॉनेटखाली बसून कोणी चमच्याने पातेलं वाजवतंय असा. पनवेल सोडेपर्यंत कमी होतो आणि गव्हाण यायच्या आत साफ बंद. परत ऑफिसला येताना गाडी इतकी गुपचूप चालते की मला माझ्याच कानांची शंका यायला लागते.

वीज मंडळात बिलांच्या टेबलावर बसून दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, आणि सकाळी उठल्या उठल्या हे गाडीचं गाऱ्हाणं. वैताग आलाय. चाळिशी अजून गाठली नाही, पण अंग आतापासूनच म्हाताऱ्याचं झाल्यासारखं वाटतं.

गाडी खरं तर आबांची, माझ्या वडिलांची. मिठागर सरकारने घेतलं तेव्हा आलेल्या पैशातून त्यांनी ती जुनीच घेतली होती, आणि मग पनवेलच्या स्टँडवर टॅक्सी म्हणून चालवली. स्टिअरिंगलाच गिअर, पुढे सलग सीट, तिघे आरामात बसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हात कापायला लागले, तेव्हापासून ती माझ्याकडे आली. माझी बायको सत्यवती गव्हाणच्या शाळेत शिकवते, शाळा सकाळी सातची. त्या वेळेला एसटी नाही, म्हणून मी तिला सोडून येतो. आबा मागे बसतात, टोपी घालून, इस्त्रीच्या सदऱ्यात. देवळाच्या पारावर त्यांचे जुने मिठागरातले दोघे-तिघे जमतात. दुपारी सत्यवतीबरोबर एसटीने परत येतात. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर बसून तरी काय करणार.

गुरुवार, ६ डिसेंबर

पळस्प्याला दयारामच्या गॅरेजवर गेलो. ऑफिसातून अर्धी रजा काढून. पळस्प्यापर्यंत जाता जाता गाडी गरम झालेली, त्यामुळे आवाज गायब. दयाराम बॉनेटमध्ये डोकं घालून पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, साहेब, कसला आवाज? दात दुखतो म्हणून डॉक्टरकडे जावं आणि खुर्चीत बसल्यावर दुखणं थांबावं, तसं झालं.

तो म्हणाला, रात्रभर गाडी इथे ठेवा, सकाळी गार असताना ऐकतो. मी तयार होतो. घरी सांगितलं तर आबांनी ताट बाजूला सरकवलं. गाडी रात्री उघड्यावर हायवेला ठेवायची नाही, पार्ट काढून घेतात, त्यांनी पाहिलंय म्हणे. मी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

इंजिनातले टॅपेट सैल झाले की असंच वाजतं म्हणे, म्हणून शेवटी दयारामने अंदाजाने ते सेट करून दिले.

शुक्रवार, ७ डिसेंबर

टक-टक-टक. जसाच्या तसा.

रविवार, ९ डिसेंबर

आमची शेड गल्लीच्या टोकाला आहे, परेशभाईंच्या बंगल्याला लागून. पत्र्याची, पत्र्याचीच दोन दारं. त्यांच्याकडूनच भाड्याने घेतली आहे. आज ते भेटले. त्यांचा मेहुणा गाड्यांची खरेदी-विक्री करतो. तो एकदा आवाज ऐकून गेला आणि म्हणाला, बेअरिंग गेलं. आज ना उद्या इंजिन जाम होणार, मग भंगाराचा भाव.

मी घरी येऊन सत्यवतीला सगळं सांगितलं. आबा टीव्हीसमोर होते, पण टीव्हीचा आवाज त्यांनी बारीक केला. मी म्हटलं, इंजिन उतरवून दुरुस्त करायची आपली ऐपत नाही. त्यात आखातात भांडण लागल्यापासून पेट्रोलचं असं झालंय. हा आवाज महिन्याभरात थांबला तर ठीक. नाही थांबला तर गाडी विकायची आणि सरळ एक स्कूटर घ्यायची. ओवे गावात गाडीला एकजण गिऱ्हाईक आहे. स्कूटर म्हणजे पेट्रोल अर्धं, शेडचं भाडं नाही, मी आणि सत्यवती, झालं.

सत्यवती म्हणाली, पावसात माझ्या वह्या भिजतील. मी म्हटलं, प्लास्टिकची पिशवी घे.  जेवताना आबा एकदा म्हणाले, "गारीला जरा गरम व्हाया द्यायची. स्टँडवर आमी आदी चा प्यायचो, मंग गारी हलवायचो."

मी म्हटलं, स्टँडवर तुम्हाला सातची शाळा गाठायची नव्हती.

शुक्रवार, १४ डिसेंबर

आश्चर्य. सकाळी सेल्फ मारला, एका झटक्यात गाडी सुरू. टकटक नाही. मला वाटलं, ऐकायचं राहिलं असेल, म्हणून बंद करून पुन्हा सुरू केली. काही नाही. चोकसुद्धा ओढावा लागला नाही.

आबा मागे बसले होते. मी आरशात बघून म्हटलं, बघा, आज काय झालं हिला. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, टॅपेट बसायला टायम लागतंय.

मंगळवार, १८ डिसेंबर

आठवडा होत आला, आवाज नाही. दयारामला मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतल्या. आज ऑफिसात देशपांडेला त्याचं नाव सुचवलं.

एकच गोष्ट, गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागली आहे. काटा मला वाटतं त्याच्या आधीच खाली जातो. दयारामने टॅपेटबरोबर कार्ब्युरेटरलाही हात लावला असणार. एक दुरुस्त करायचं आणि दुसरं बिघडवायचं, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. शिव्या पूर्ण परत घ्यायची घाई केली.

आबा हल्ली पहाटेच फिरायला जातात. थंडीत कशाला, म्हटलं तर म्हणतात झोप लागत नाही. मफलर गुंडाळून अंधारातच बाहेर पडतात. डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय, तेव्हा मी अडवत नाही.

शनिवार, २२ डिसेंबर

परेशभाईंनी गल्लीत अडवलं. सकाळी सकाळी तुमच्या गाडीचा इतका आवाज, आई जागी होते, तिला पुन्हा झोप येत नाही, असं म्हणाले. माझी चूक नसताना मी माफी मागितली. सव्वासहाला गाडी काढतो मी, त्यांची आई काय दहाला उठते? पण शेड त्यांची आहे.

रात्री जेवताना हे सांगितलं. म्हटलं, शेड काढून घेतली तर गाडी ठेवायला जागा नाही, मग तर विकावीच लागेल. आबांनी विचारलं, कसला आवाज बोलतोय तो? मी म्हटलं, इंजिनाचा, आणखी कसला. त्यांनी मान हलवली आणि ते पाणी प्यायले.

शुक्रवार, २८ डिसेंबर

आबांची तब्येत बरोबर नाही. सकाळी गाडीत बसल्यावर डोकं धरून बसतात. आज गव्हाणच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली आणि उलटी केली. सीटवर थोडं उडालं. मला ऑफिसला उशीर होत होता, मी चिडून बोललो की रात्री करंदीचं कालवण खाऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं. सत्यवतीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने आपल्या पदरानेच सीट पुसली.

दुपारी डॉक्टरकडे नेलं. प्रेशर ठीक. साखर ठीक. डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि चष्म्याचा नंबर बघून घ्या म्हणाले. चेहरा लालसर दिसतो हे सत्यवतीने सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, थंडीत होतं.

रविवार, ३० डिसेंबर

आज म्हातारा ठणठणीत. उशिरापर्यंत झोपले, चहाबरोबर चार बटर खाल्ले, मटण मागून घेतलं. रविवार असला की ह्यांना काही होत नाही. मला जरा संशय आहे की हे सगळं लक्ष वेधून घेण्यासाठी असावं. लिहिताना वाईट वाटतं, पण डायरीत नाही लिहायचं तर कुठे.

बुधवार, २ जानेवारी १९९१

नवीन वर्ष भांडणाने सुरू झालं.

सत्यवतीने आबांचा मफलर धुवायला घेतला आणि मला नाकाशी धरून दाखवला. जळकट, धुराचा वास. सदऱ्यालाही तोच. आबांनी विडी सोडून तीन वर्षं झाली, छातीचा फोटो काढल्यानंतर. मी रागाने लाल झालो. म्हणजे हे पहाटेचं फिरणं, ही डोकेदुखी, ह्या उलट्या. आम्ही डॉक्टरचे पैसे भरतोय आणि हे कोपऱ्यावर जाऊन विड्या फुंकतायत.

मी समोर बसून विचारलं. ते आधी गोंधळले. मी मफलर पुढे केला, म्हटलं, हा वास कसला? त्यांनी मफलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "वडली. एकच वडली."

मी बरंच बोललो. लहान मुलाला बोलावं तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उलट त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं, ह्याचाच मला जास्त राग आला. नंतर सत्यवतीने खिसे बघितले, गादी उचलून बघितली. विडी नाही, काडेपेटी नाही. लपवायला बरे शिकलेत.

मंगळवार, ८ जानेवारी

आवाज परत आला.

आबा आज उठले नव्हते. रात्री डोकं फार दुखत होतं म्हणून सत्यवतीने दोन गोळ्या दिल्या होत्या, त्याची झोप. त्यांना न उठवताच आम्ही निघालो. शेड उघडली, सेल्फ मारला, दोनदा नुसती घरघर, चोक ओढल्यावर सुरू झाली आणि लगेच टक-टक-टक, पहिल्यापेक्षा मोठा.  तीन आठवडे मी उगाच सुखात होतो.

संध्याकाळी घरात सांगून टाकलं. आता एकदा, फक्त एकदा आवाज आला की ओव्याच्या माणसाला बोलावतो. पुढच्या आठवड्यात तो तसाही पनवेलला येणार आहे. गाडी गार असतानाच ऐकेन म्हणतो, सुरू झालेली दाखवू नका. म्हणजे माझ्यापेक्षा हुशार आहे.

आबा म्हणाले, आज मी उठलो नाय. मी म्हटलं, बरं झालं, एक दिवस तरी झोपलात. ते परत म्हणाले, उद्या उठेन. मला कळलं नाही की ह्यात सांगण्यासारखं काय आहे.

गुरुवार, १० जानेवारी

काल आवाज नाही. आज नाही. ही गाडी मला वेड लावणार.

आज निघताना किल्ली खिळ्यावर नव्हती. शोधून दमलो. आबांच्या सदऱ्याच्या खिशात निघाली. खाली पडली होती म्हणून उचलली, म्हणाले. बोलताना जीभ जड वाटली. पायऱ्या उतरताना भिंत धरून उतरले. मी म्हटलं, आज घरी राहा. नको म्हणाले, पारावर मंडळी वाट बघतात. गाडीत बसताना आधी दार सापडेना त्यांना.

येत्या सोमवारी संक्रांत. ती झाली की मोठ्या डॉक्टरांकडे नेऊन आणतो.

शुक्रवार, ११ जानेवारी

रात्र बरीच झाली. तरी लिहितो.

निघायची वेळ झाली तरी आबा फिरून आले नव्हते. थंडी कडक होती. सत्यवती गॅलरीतून बघत होती. किल्लीला हात घातला तर खिळा रिकामा. मला वाटलं, पुन्हा चुकून खिशात टाकून गेले. शेडकडे गेलो, निदान तिथे तरी भेटतील म्हणून. दारं आतून ओढलेली. आणि आतून इंजिनाचा आवाज येत होता.

दार ढकललं तर पटकन उघडेना, फटीत आतून गोणपाटं कोंबलेली. खांद्याने धक्का देऊन आत गेलो तर धूर, डोळे झोंबले. आबा ड्रायव्हरच्या जागेवर, मान स्टिअरिंगवर. टोपी पायाशी पडलेली. त्यांना ओढून बाहेर काढलं. मी ओरडलो असणार, कारण परेशभाई बनियनवर धावत आले. दोघांनी मिळून त्यांना मोकळ्यात झोपवलं. ओठ लाल दिसत होते, आणि हाक मारल्यावर आबा हलत नव्हते.

रिक्षा कुठे शोधणार. परेशभाईंनी गाडी बाहेर काढली, सगळ्या काचा खाली केल्या. मी मागच्या सीटवर आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, सत्यवती पुढे. हॉस्पिटलपर्यंत गाडी पाण्यासारखी गेली. इंजिन चांगलं तापलेलं होतं, टकटक नाही, काही नाही. तेव्हा कळलं. जवळजवळ चार आठवडे आबा पहाटे गाडी तापवून ठेवत होते, आणि रोज सकाळी मी तापलेलीच सुरू करत होतो.

ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गाडीचा धूर म्हणजे विषच, अजून थोडा वेळ गेला असता तर इथे आणून उपयोग नव्हता. त्यांनी विचारलं, ह्याआधी डोकेदुखी, उलट्या असं काही होतं का? मी हो म्हटलं. बाकीचं सत्यवतीने सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "विडी नव्हती ती."

शनिवार, १२ जानेवारी

आबा शुद्धीवर आहेत. ओळखतात. वार विचारला तर चुकीचा सांगतात, पण डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. रात्री सत्यवती होती, सकाळी मी गेलो.

त्याआधी पहाटे दयारामला शेडवर आणलं होतं. काल संध्याकाळी परेशभाईंनीच स्कूटर पाठवून त्याला निरोप दिला. त्यांच्या तक्रारीनंतर आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच आबांनी ती गोणपाटं कोंबली असणार. परेशभाईंना त्याचं काय वाटतंय ते चेहऱ्यावरच दिसतं, मीच त्यांना सांगितलं की तुम्ही काही चुकीचं बोलला नव्हता. दारं सताड उघडी ठेवली. रात्रभर गार पडलेल्या गाडीला दयारामने सेल्फ मारला. टक-टक-टक. त्याने इंजिनाच्या बाजूला, धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळीच्या जोडाजवळ हात धरला आणि लगेच मागे घेतला. तिथलं गॅस्केट जळलं होतं, दोन नट ढिले. गार असताना फटीतून धूर टकटक करत फुटायचा, लोखंड तापलं की फट मिटायची. बेअरिंग ठीक, इंजिन ठीक. दुपारच्या आत काम झालं, आणि जे बिल झालं ते सांगायची लाज वाटावी एवढं थोडं.

दयाराम मान खाली घालून म्हणाला, साहेब, मीच एक दिवस सकाळी यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, मी तुला बोलावलंच कुठे.  त्याने चहा घेतला नाही.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. सत्यवतीने तिळगूळ केला नाही. शेजारून आला, तोच हॉस्पिटलमध्ये नेला.

आबा उशीला टेकून बसले होते. कवळी घरी राहिली म्हणून लाडू चोखत होते. मला बघून त्यांनी पहिलं विचारलं, "आवाज आला का रं?"

मी सांगितलं, गाडी दुरुस्त झाली, अगदी छोटं काम होतं, आता गार असतानाही आवाज येत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांना समजावतोय असंच त्यांना वाटलं असावं. हे चार आठवडे मला कसे उलगडले ते मी सांगायला गेलो, पण मध्येच थांबलो आणि नुसतं विचारलं की आबा, का? गाडीत एवढं काय आहे? जुनी झाली आहे. तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं, विकू नको म्हणून, तर मी ऐकलं नसतं का?

मला वाटत होतं, ते मिठागराचं काढतील. जमीन गेली, हे एवढंच राहिलं, असं काहीतरी. त्याला उत्तरही माझ्या मनात तयार होतं.

ते म्हणाले, "गारी लोखंडाची हाय, तिचा काय. पन तू बोललास स्कूटर घेतंय." मग त्यांनी हाताची दोन बोटं माझ्यासमोर धरली.  "स्कूटरवर दोगंच बसतात."

लाडू त्यांनी वाटीत ठेवला आणि तोंड पुसायला रुमाल मागितला. मी रुमाल दिला. स्कूटरचा हिशेब मी किती वेळा केला होता, रात्री पडल्या पडल्या, ऑफिसात बिलांच्या मागे. पेट्रोल धरलं, भाडं धरलं, सत्यवतीच्या भिजणाऱ्या वह्यासुद्धा धरल्या. आबा त्यात कुठेच नव्हते, आणि त्यांनी ते पहिल्याच दिवशी, टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकलं होतं.

मी त्यांना म्हटलं, स्कूटर घेत नाही. त्यांनी मान हलवली, जशी त्यांनी शेडचं बोलणं निघालं तेव्हा हलवली होती तशी, पटलं नसलं तरी ऐकून घेतल्यासारखी. नर्स आली, भेटायची वेळ संपली म्हणाली. मी उठलो नाही. त्यांनी डोळे मिटले, तरी मी त्यांचा हात धरून बसून राहिलो, आणि तिने दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हाही मला उठता आलं नाही.